धामणीची वाट

आमच्याकडे घर बांधून झालं की माणसं आधी माती झाकतात. छत्रपती संभाजीनगरात, बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसरात, डोंगराच्या पायथ्याला प्लॉट पडत गेले तशी ही रीतही पसरत गेली. वास्तुशांत होते, पाहुणे जातात आणि आठवड्याच्या आत ट्रॅक्टरमधून पेव्हर ब्लॉक उतरतात. लाल, करडे, षट्कोनी. गेटपासून मागच्या मोरीपर्यंत बोटभर माती उघडी राहू नये याची काळजी घेतली जाते. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मग काही निघत नाही." हे 'काही' म्हणजे काय, ते कुणी उच्चारत नाही. दिवेलागणीनंतर तर नाहीच.

आम्ही माती तशीच ठेवली. त्यामागे फार मोठा विचार होता असं नाही. सासूबाईंना हळद लावायची होती, मला जुई हवी होती आणि ब्लॉकचे पैसे तेव्हा नव्हते. जमीन मुरमाड, म्हणून वर काळी माती आणून टाकली. कुंपणाला शेवगा आणि कढीपत्ता लागला, मोरीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात सीताफळ. पायाच्या खोदाईत निघालेले काळे दगड मागच्या भिंतीशी रचून ठेवले होते, सवडीने उचलू म्हणून. ते काही उचलले गेले नाहीत. पानगळीचा पाला त्यांच्याशेजारच्या खड्ड्यात पडत राहिला. काही पावसाळे गेले. दगडांवर शेवाळ चढलं, त्यांच्या पोटात गारवा साठला. बेडूक आले, सरडे आले, मुंगूस एकदा डोकावून गेलं. आणि एका जूनमध्ये धामण दिसली.

नुसती दिसली एवढंच. राहायला ती आधीपासूनच असणार. आमच्या घराच्या जागी पूर्वी बाजरीचं आणि कापसाचं रान होतं, रानात उंदीर होते आणि उंदरांमागे धामण होती. सातबाऱ्यावरचं रान बिगरशेती झालं, नकाशावर रस्ते आखले गेले, प्रत्येक प्लॉटला नंबर मिळाला. उंदरांना त्यातलं काही कळवलं गेलं नाही, म्हणून धामणही हलली नाही.

सकाळचं ऊन भिंतीवरून उतरून अळूपर्यंत आलं होतं. वाळल्या पाल्यात आधी आवाज झाला. सरडा पाल्यातून जातो तेव्हा आवाज तुटक येतो, खार धांदल करते. हा आवाज सलग होता, एकाच दिशेने सरकणारा. मग पाला हलला आणि पिवळट मातकट रंगाचं एक लांब अंग दगडांतून निघून हळदीच्या वाफ्यात शिरू लागलं. शिरत राहिलं. डोकं हळदीच्या पलीकडच्या कडेला बाहेर आलं तरी शेपटी अजून दगडांतच होती. तिथं ती थांबली. मान थोडी उचलली, जीभ दोनदा आतबाहेर केली. ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा, मोठा डोळा, गोल बाहुली. तिनं मला पाहिलं होतं आणि मी तिला. पुढचं ठरवायचं होतं ते तिनंच ठरवलं, आणि टाकीच्या बाजूने ती भिंतीच्या खालच्या भोकातून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये निघून गेली.

ते भोक पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गवंड्याने ठेवलेलं. पुढे लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, की तिची वाट ठरलेली आहे. रिकाम्या प्लॉटमधून भोकात, भोकातून दगडांत, दगडांतून हळदीत, हळदीतून टाकीच्या सांडपाण्याशी, आणि तिथून दुसऱ्या भोकाने पुढच्या आवारात. उन्हाळ्यात ती सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर जाते. थंडीत भर दुपारी दगडावर अंग पसरून पडते, तेव्हा तिच्या शेपटीकडच्या काळ्या आडव्या रेषांची जाळी नीट पाहता येते. पावसाळ्यात तिला वेळेचं बंधन नाही. आमचं आवार हे तिच्या वाटेवरचं एक ठिकाण आहे, मुक्कामाचं घर नव्हे. वाटेवरची जागा म्हणूनच आम्ही तिला परवडतो.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा वाटलं, त्या आता सगळ्या आवारात फरशी टाकायला लावतात की काय. त्या पैठण तालुक्यातल्या. सापाचं नाव घेत नसत. 'लांबडं' म्हणत, फार तर 'जनावर'. कुणाला साप चावला तर त्याला 'पान लागलं' म्हणायचं. पण धामण म्हटल्यावर त्यांनी हातातली शेंगांची चाळणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "धामण व्हय. मंग राहू दे. बळदात असायची आमच्या." बळद म्हणजे वाड्याच्या जाड भिंतीत धान्य साठवायला ठेवलेली पोकळी. वरून ज्वारी ओतायची, खाली झरोक्यातून लागेल तशी काढायची. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत अशी बळदं आणि जमिनीत पेवं असत. धान्य तिथं उंदीर, उंदीर तिथं धामण. सासूबाईंच्या आजीने म्हणे बळदाच्या तोंडाशी थाप मारल्याशिवाय कधी हात घातला नाही. ही थाप भीतीची तशीच शिष्टाचाराची. आत कुणी असेल तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा, म्हणून मारायची. गावाच्या गढीबद्दलही त्या असंच सांगत. पांढऱ्या मातीची ती गढी पावसापावसाला ढासळत होती, तिच्यात सापांची बिळं होती, पोरं तिकडे दिवसा जात आणि दिवस मावळला की जात नसत. माणसाने आणि सापाने वेळा वाटून घेतल्या होत्या.

धामणीबद्दल गावागावांत ज्या गोष्टी सांगतात त्या मात्र तिच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. ती गाईच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते म्हणे. सापाचे दात मागे वळलेले, सुईच्या टोकाचे असतात आणि त्याला ओठांनी चोखता येत नाही. गाय एवढं सोसून घेईल हे गाय पाळणाऱ्याने तरी मानू नये. गोठ्यात धामण जाते ती पेंडीवर आलेल्या उंदरांसाठी. दुसरी गोष्ट शेपटीची. तिच्या शेपटीचा फटका बसला की तो अवयव सडतो म्हणतात. तिच्या शेपटीत काटा नाही आणि तिच्या तोंडात विष नाही. पकडलं तर मात्र चावते, आणि चांगलीच चावते. तिसरी गोष्ट सगळ्यांत लाडकी: धामण ही नागाची बायको. दोन साप अर्धं अंग उचलून एकमेकांना पीळ घालताना दिसले की नाग आणि धामण जुगताहेत म्हणून लोक हात जोडतात, कुणी उपरणं टाकतं. ते बहुतेक वेळा दोन धामण नरच असतात आणि ती त्यांची कुस्ती असते. एकाने दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचं, दबला तो निघून जाणार. एवढी नेमस्त कुस्ती आपल्याकडे आखाड्यातही दुर्मीळ.

एकदा जुईच्या मांडवावर तिची कात सापडली. खालून पाहिलं तर ऊन तिच्यातून गाळून येत होतं. अख्खी, उलटी निघालेली, पाठीवर खवल्यांच्या तिरप्या ओळी आणि पोटाकडे रुंद आडव्या पट्ट्या. डोळ्यांवरची पारदर्शक झाकणंसुद्धा कातीबरोबर उतरलेली, कारण सापाला पापणी नसते, डोळ्यावर एक खवलाच असतो. कात टाकायच्या आधी तो खवला दुधाळ होतो, काही दिवस सापाला धड दिसत नाही, आणि त्या दिवसांत तो चिडका असतो. हे वाचून ठाऊक होतं. पण तिनं कात टाकण्यासाठी माझ्या जुईची खरखरीत फांदी निवडली, हे काही वाचण्यातलं नव्हतं. कात मापाने सापापेक्षा लांब भरते, उतरताना ती ताणली जाते. मी ती मोजली नाही. लेकीने वहीत ठेवण्यापुरता एक तुकडा घेतला, बाकीची वाऱ्याने नेली. त्यातला एक धागा पुढे शिंजीराने घरट्याला लावलेला दिसला.

धामणीच्या मागोमाग आम्हाला बाकीचे दिसू लागले. म्हणजे ते होतेच, आमची नजर सुधारली. सगळ्यांत लहान तो वाळा. कुंडी हलवली की तिच्याखालच्या ओल्या मातीत काळसर, चकचकीत, वीतभरही नसलेला जीव वळवळतो आणि बघता बघता मातीत शिरतो. लोक त्याला गांडूळ समजतात. गांडुळाच्या अंगावर कडी असतात, वाळ्याच्या अंगावर खवले, आणि नीट पाहिलं तर इवलीशी जीभही दिसते. डोळे जवळजवळ नाहीतच, खवल्याखाली दोन काळे ठिपके. मुंग्या आणि वाळवीची अंडी-पिल्लं हा त्याचा आहार. या जातीत फक्त माद्याच असतात. नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. एकटी मादी पुरते, म्हणूनच कुंड्यांमधल्या मातीतून हा साप आशियातून निघून अमेरिका आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला. सापांमधला जगभर फिरलेला प्रवासी कोण, तर अळूच्या कुंडीखालचा हा. नर्सरीतून गुलाब आणला तेव्हा बहुधा तोही आला असेल, पैसे न देता.

पहिल्या मोठ्या पावसानंतर नानेटी दिसते. हातभर लांबीची, पाठीवरून दोन पिवळट पट्टे, स्वभावाने इतकी गरीब की पायाखाली येण्याचीच भीती. बेडूक खाते. हर्सूलच्या तलावाकडे आणि ओढ्यांच्या काठाने पाणदिवड, ज्याला गावाकडे विरोळा म्हणतात, तोही विषारी नाही, पण त्याचा स्वभाव नानेटीच्या अगदी उलट. मांडूळ आमच्या आवारात कधी आलं नाही. बोथट शेपटीमुळे त्याला दुतोंड्या म्हणतात, गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो असल्या थापांवर त्याची लाखोंची तस्करी होते, आणि हा बिचारा उंदीर शोधत भुसभुशीत मातीत पडून असतो. त्याच्या नावाने फसवणूक करणारे अधूनमधून पकडले जातात. फसणारे शिकलेले असतात, हे विशेष.

रात्रीचा पाहुणा कवड्या. भिंतीवर सरळ चढतो, खिडकीच्या फटीतून आत येतो आणि ट्यूबलाइटमागच्या पाली खातो. सापांमध्ये सर्वांत जास्त मार खाणारा हाच असावा, कारण तो मण्यारीसारखा दिसतो. तपकिरी अंगावर पिवळट पांढरे पट्टे. मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जाणारे. मण्यार काळीनिळी, चकचकीत, तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ठळक. कागदावर हा फरक सोपा आहे. रात्री अकराला, बाथरूमच्या दारात, चष्मा नसताना तो सोपा नाही. म्हणून आमच्याकडे नियम असा, की पट्टे मोजायला कुणी वाकायचं नाही. लांबून फोटो काढायचा, दार लावायचं आणि जाणत्याला बोलवायचं.

इथं थांबून एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण सापांवर प्रेम करणारे तिच्यावरून हलकेच निघून जातात. धामण असली की नाग येत नाही, असं म्हणतात. हे खरं नाही. नाग येतो. नाग इतर सापही खातो, त्यामुळे धामण हे त्याला न येण्याचं कारण होऊच शकत नाही. ज्या दगडांत धामणीला गारवा मिळतो त्याच दगडांत घोणसीलाही मिळतो. भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात, २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अभ्यासकांचा हा अंदाज आहे. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे, उघड्या पायांनी चालणारे, जमिनीवर झोपणारे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांनी बहुतेक बळी घेतलेले. बागेत सापाचं स्वागत म्हणताना हा आकडा झाकून ठेवला, तर ते स्वागत फसवं.

आमच्या घरी त्याची किंमत लहान लहान सवयींनी मोजली जाते. अंधारात बॅटरीशिवाय अंगणात पाय नाही. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. पाला हाताने उचलायचा नाही, दाताळ्याने ओढायचा. दगडांच्या फटीत बोट नाही. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी. साप बागेपुरता, घरात नाही. पायाशी कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर ती घोणस, आणि मग जागच्या जागी थांबून सावकाश मागे. साप चावलाच तर कापणं नाही, चोखणं नाही, करकचून बांधणं नाही, मांत्रिक तर नाहीच. हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट घाटी रुग्णालय. चौघांच्या विषावर चालणारं एकच औषध आहे आणि ते फक्त दवाखान्यात मिळतं. हे सगळं लेकीला पाढ्यांबरोबर पाठ आहे. गंमत म्हणजे यातली निम्मी शिस्त सासूबाईंच्या बळदावरच्या थापेतच होती.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांच्या सोबतीने ७२ तास काढले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झालं आणि सापांकडे पाहण्याची शहरी मराठी माणसाची नजर थोडी बदलली. मला असला पराक्रम नको आणि कुणी तो करूही नये. पण त्या खोलीतल्या माणसाला जे सिद्ध करायचं होतं, तेच अंगणात कुठल्याही धाडसाशिवाय दिसतं: साप आपल्याला टाळत असतो. आपण त्याच्या वाटेतून बाजूला झालो की त्याचं काम झालं.

आता बुलबुलांचं. लालबुड्या बुलबुलांची जोडी जुईच्या मांडवात घरटं करते. एका वर्षी पिल्लं डोळे उघडून पिसांच्या खुंटांपर्यंत आली होती. दुपारी एकदम आकांत उठला. बुलबुल ओरडत होते, सातभाई धावून आले, खार शेपटी आपटत होती. धामण मांडवावर चढली होती. एवढी लांब काया त्या बारीक वेलींवर कशी तोलली जाते, ते पाहूनही कळत नाही. ती घाई करत नव्हती. माझ्या हातात झाडांना पाणी घालायचा पाइप होता, नळ चालू होता. लेक म्हणाली, "आई, पाणी मार तिच्यावर!"

मी पाइप खाली धरला. का, याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. नंतर बरंच सुचलं, पण नंतर सुचलेल्या उत्तरांवर माझा विश्वास कमी आहे. घरट्यात डोकं गेलं, आणि मग ती तशीच थोडा वेळ राहिली. लेक माझ्याशी दिवसभर बोलली नाही. रात्री जेवताना तीच म्हणाली, की बुलबुल पिल्लांना अळ्या भरवत होते तेव्हा आपल्याला छान वाटत होतं. एवढंच बोलली आणि भाकरीकडे वळली. आजही तिनं धामणीला पूर्ण माफ केलेलं नाही आणि मलाही नाही. तिनं तसं करावं असा माझा आग्रहही नाही. बुलबुलांनी त्याच हंगामात पुन्हा घरटं केलं, या वेळी लिंबात, काट्यांच्या आत.

आपल्या शहरात दिल्ली दरवाजाजवळच्या तलावाला डॉ. सलीम अली यांचं नाव आहे. हिवाळ्यात तिथं दुर्बिणी घेऊन माणसं येतात, बदकं मोजतात. हिमायत बागेत पहाटे फिरायला जाणाऱ्यांना मोर दिसला की दिवस चांगला जातो. पक्ष्यांवर प्रेम करणं सोपं आहे, ते वर बसलेले असतात. साप आपल्या पायांच्या पातळीवर राहतो. सावलीत, फटीत, ओलसर जागी राहतो, म्हणजे ज्या जागा आपण घरातून घालवायला बघतो त्याच त्याला लागतात.

आणि तरी आपण त्याची पूजा करतो. श्रावणात पंचमीला सासूबाई पाटावर चंदनाने नाग काढत, लाह्या आणि दूध ठेवत. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, जमीन खणायची नाही. जेवायला पुरणाचे दिंड. दुपारी लिंबाला झोके बांधलेले. कहाणीतल्या शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळाला लागतो, नागाची पिल्लं मरतात, आणि मग पुढचं सगळं घडतं. कहाणीत देवपण आहे, पण तिच्या मुळाशी एक शेतीची गोष्ट आहे: पावसाळ्यात बिळांत पाणी भरतं, साप बाहेर पडतात, पिल्लं निघण्याचे हे दिवस, तेव्हा फाळ जरा जपून. साप दूध पचवू शकत नाही आणि त्याला ते नकोही असतं. त्या दिवशी जमीन न खणणं मात्र त्याला नक्की उपयोगी पडत असणार. आता आम्ही दूध ठेवत नाही, कुदळ मात्र उचलत नाही.

अजिंठ्याला १९ व्या लेण्याच्या अंगणात डावीकडे एक नागराजा बसला आहे. डोक्यामागे सात फण्यांचं छत्र, शेजारी राणी, तिच्यामागे एकच फणा. एक पाय वर घेऊन, आरामात, आपल्याच ओसरीवर बसावं तसा तो बसला आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीची ही घडण. आत स्तूप, बुद्ध, सगळा शांत पसारा. बाहेर अंगणात हा यजमान. वेरूळच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथावर नागाने फणा धरलेला आहे. उत्तरेत गोगाजीला सर्पदंशापासून राखणारा देव मानतात, आणि विद्यापीठाच्या बाजूला, जिथं आपण सूर्योदय पाहायला चढतो, त्या टेकडीचं नावही गोगाबाबा. ज्या कारागिरांनी या लेण्यांचा काळा दगड फोडला त्यांना याच दगडाच्या फटींत राहणारे साप रोज भेटत असणार. त्यांनी त्यांना मारलं असेल, त्यांना घाबरलेही असतील. पण कोरायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याला अंगणात जागा दिली. दाराबाहेर आणि आवाराच्या आत, बरोबर तिथंच, जिथं आपण आता ब्लॉक बसवतो.

शेजारच्या काकूंना मी हे लेण्याचं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "दगडाचा असंल तर आमच्याकडंबी बसू द्या." त्यांच्या आवारात धामण शिरली तेव्हा गल्लीतले तिघेचौघे काठ्या घेऊन आले, तोवर ती निघून गेली होती आणि त्यांनी बराच वेळ भुई धोपटली. सापाला मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे हे मी सांगितलं, त्यावर एकाने विचारलं, साप तक्रार द्यायला जाणार आहे का. काकूंची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. त्यांच्या माहेरी माणूस गेलेलं आहे. शेवटी आमच्यात असं ठरलं, की धामण असेल तर त्या मला हाक मारतील आणि आम्ही दोघी लांब उभ्या राहून ती जाईपर्यंत बघू. धामण नसेल, किंवा कळत नसेल, तर वन विभागाचा १९२६ हा नंबर. अलीकडे त्या हाक मारतात ती भीतीने कमी आणि कुतूहलाने जास्त, असं मला वाटतं. परवा म्हणाल्या, "तुमची बाई गेली बघा आत्ताच. लई जाड झाली हो."

दिसला साप की सर्पमित्राला बोलवून दूर सोडून यायला सांगायचं, ही नवी पद्धत मारण्यापेक्षा कैक पटीने बरी. विषारी साप घरात असेल तर तोच मार्ग. पण बिनविषारी सापाला उगाच उचलून दूरच्या डोंगरात सोडणं त्याच्या भल्याचं नसतं. त्याला तिथली बिळं माहीत नसतात, पाणी माहीत नसतं, शत्रू कुठून येतो ते माहीत नसतं. इकडे त्याच्या जागी उंदीर वाढतात, आणि उंदीर वाढले की त्यांच्यामागे कोण येईल ते आपण निवडू शकत नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत पिलावळ घालते. मग विषाच्या वड्या येतात, वडी खाल्लेला उंदीर घुबडाच्या, मांजराच्या, नाहीतर सापाच्या पोटात जातो. उंदरांसाठी लावलेल्या चिकट पाट्यांवर मी पाली आणि नानेटीची पिल्लं मेलेली पाहिली आहेत.

बागेसाठी खटपट अशी काही करावी लागत नाही. रातराणी आणि केवड्याच्या वासाने साप येतो हे खोटं. फुलांवर किडे येतात, किड्यांवर बेडूक-पाली, आणि सापाचं काम त्यानंतर सुरू होतं. फिनाईल, लसूण, गंधक शिंपडून तो जात नाही. एक कोपरा न झाडलेला ठेवायचा, घरापासून आणि पोरांच्या खेळण्यापासून लांब. दगड तिथं, पाला तिथं. दाराजवळ विटांचा ढीग, सरपण, भंगार नको. पाल्याच्या खड्ड्यातली ऊब पाहून धामण एखादवेळी तिथं दहा-बारा अंडी घालते, म्हणून उन्हाळ्यात तो खड्डा उपसू नये. पाला पेटवू तर मुळीच नये. गवत कापायचं यंत्र सुरू करण्याआधी काठीने वाफे हलवायचे, बळदावर मारत तशी एक थाप.

एकच गोष्ट तुम्हाला खास सांगायची आहे. माकडं आणि पोपट यांच्यापासून भाजी वाचवायला आजकाल सगळे नायलॉनची बारीक जाळी लावतात, आणि तिचा खालचा घेर जमिनीवर तसाच लोळत राहतो. साप तिच्यात डोकं घालतो, खवले मागे वळलेले असल्याने मागे सरकू शकत नाही, पुढे जातो तसा आणखी आवळला जातो आणि उन्हात मरतो. जाळीत अडकलेला साप ओढू नका, त्यावर सावली करा आणि १९२६ ला फोन करा. जाळी लावायचीच असेल तर जमिनीपासून हातभर वर बांधा, आणि रोज सकाळी तिच्या कडेने एक फेरी मारून या.